हातचा न येणारी संख्या

गेल्या आठवड्यात पावसाने डहाणूची वीज गेली आणि चिकूच्या क्रेटांचा हिशेब अर्धवट राहिला, तेव्हा त्याच वहीच्या मागच्या पानावर मी कंदिलाच्या उजेडात १११११११११ या संख्येचा वर्ग हाताने करायला घेतला. दुपारी संगणकावरच्या हिशेबाच्या तक्त्याने त्याचे उत्तर १२३४५६७८९८७६५४३०० असे दाखवले होते. शेवटी १ असलेल्या संख्येचा वर्ग शून्याने संपत नाही, हे पाचवीतले मूलही सांगेल. तक्ता पंधरा अंकांपुढे शून्ये भरतो, एवढाच त्याचा अर्थ.

कागदावर १२३४५६७८९८७६५४३२१ आले. ही संख्या एक कोटीच्या सुमारे एकशे तेवीस कोटी पट आहे, आणि ती उलटी वाचली तरी तीच राहते. या डौलाचे कारण मात्र अगदी साधे आहे. गुणाकार मांडताना नऊ एकांची ओळ नऊ वेळा येते आणि दर वेळी एक घर डावीकडे सरकते, त्यामुळे पानावर जांभ्याच्या पायऱ्यांसारखी उतरंड दिसते. उजवीकडून पहिल्या घरात एक १, दुसऱ्यात दोन, असे करत मधल्या घरात नऊ एक जमतात आणि पुढे ते एकेक कमी होत जातात. कोणत्याच घराची बेरीज नऊच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही.

दहा एकांच्या वर्गात मात्र मधल्या घराची बेरीज दहा होते. तेथे ० मांडून हातचा १ डावीकडे जातो, तिथल्या ९ चे पुन्हा १० होतात, पुढचा हातचा ८ चा ९ करतो आणि तेथे थांबतो; उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा आठ गायब! मला तर ही मोडलेली संख्याच अधिक आवडते. नवाने गुणल्यावर १११११११११ देणाऱ्या १२३४५६७९ मध्येही तोच आठ नाही.

असल्या संख्यांचे वेड घेतलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली आमच्या डहाणूतच जन्मले आणि पुढे देवळालीला शाळामास्तर झाले. त्यांचे ६१७४ पुष्कळांना ठाऊक असते: सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करावेत, असे करत गेले की शेवटी हीच संख्या येते; एकांच्या या वर्गांना मात्र त्यांनी, ज्या रेल्वे स्थानकावर कल्पना सुचली, त्याचे डेमलो हे नाव दिले होते.

नऊ एकांच्या वर्गाचे अवयव पाडले तर ८१, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग एवढेच हाती येते. अंकांची बेरीजही ८१ आहे, कारण उतरंडीत एक्क्याऐंशी एक आहेत आणि हातचा नसल्याने त्यांतला एकही हरवत नाही. दहाच्या उतरंडीत शंभर एक असतात, पण प्रत्येक हातच्यात दहाच्या जागी एक उरतो, म्हणजे नऊ घटतात. दोन हातच्यांचे अठरा वजा जाऊन ८२ उरायला हवेत. वहीतले एकोणीस अंक बोटाने एकेक करून मिळवले, ८२ भरले.