चंगाईच्या आधी क्षमा

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या कामाविषयी लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आहे. मी वऱ्हाडातल्या एका खेड्यातील ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे. शाळेतले सोबती कुठे भेटले की पीकपाण्याचे बोलून झाल्यावर बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "तुमच्या सभेत लंगडे खरंच चालतात का गा?" हिंदू, बौद्ध, मुसलमान सगळेच विचारतात आणि आता तर ख्रिस्ती घरातली मुलेही विचारतात. बसस्टँडवर उभ्या उभ्या याचे उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो.

येशूने आजाऱ्यांना बरे केले असे आम्ही मानतो आणि आजारी माणसासाठी आजही प्रार्थना करतो. पण चंगाई, म्हणजे प्रार्थनेने आजार बरा होणे, हा आमच्या श्रद्धेचा गाभा नाही. माणूस आपल्या पापापासून वळतो, देव त्याला क्षमा करतो आणि त्याचा देवाशी तुटलेला संबंध जुळतो, हा गाभा आहे. यालाच आम्ही तारण म्हणतो. शरीर बरे झाले आणि हे झाले नाही, तर मुख्य काम राहूनच गेले.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राच्या, दुसऱ्या अध्यायातला प्रसंग नीट वाचला की हा क्रम स्पष्ट दिसतो. कफर्णहूम गावात एका घरी दाराबाहेरपर्यंत गर्दी झाली आहे. चार जण एका पक्षघात झालेल्या माणसाला बाजेवर घेऊन येतात. आत शिरायला वाट नाही, म्हणून ते छतावर चढतात. तिथली घरे आपल्याकडच्या धाब्याच्या घरासारखी असत, लाकडी सरे, त्यावर फांद्या आणि वर माती. ते छत खणतात आणि बाज खाली सोडतात. सगळ्यांची नजर त्या लुळ्या पायांवर आहे. आणि येशू पहिले वाक्य उच्चारतो ते पायांविषयी नाही. तो म्हणतो, मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. बसलेले शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे पंडित, मनात कुरकुरतात, कारण पापाची क्षमा देवावाचून कोण करणार? त्यानंतर, क्षमा करण्याचा अधिकार आपल्याला आहे हे त्यांना कळावे म्हणून, तो त्या माणसाला उठून बाज उचलायला सांगतो. चालणे दुसरे आले आणि ते पहिल्याची साक्ष म्हणून आले. चंगाई सभेच्या पोस्टरवर नेमका हा क्रम उलटा छापलेला असतो.

चमत्कार पाहून माणूस बदलतो, हा समज शुभवर्तमानातच खोटा ठरला आहे. खोराजीन, बेथसैदा आणि कफर्णहूम या तीन गावांत येशूची सर्वांत जास्त अद्भुत कृत्ये झाली आणि त्याच गावांना त्याने कडक शब्दांत दोष दिला, कारण त्यांनी पश्चात्ताप केला नाही. पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासळ्यांत पाच हजार पुरुष जेवले, बारा टोपल्या तुकडे उरले. दुसऱ्या दिवशी तोच जमाव तळ्यापलीकडे त्याला शोधत आला. येशूने तोंडावर सांगितले की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून आलात. योहानाच्या शुभवर्तमानातल्या त्याच अध्यायाच्या शेवटी त्याचे पुष्कळ शिष्य त्याला सोडून जातात. मेलेल्या लाजराला येशूने थडग्यातून उठवले, तर मुख्य याजकांनी लाजरालाच मारण्याचा बेत केला. डोळ्यांनी पाहिलेली गोष्टही ज्याला वळायचे नाही त्याला वळवत नाही. आणि उठलेला लाजरही पुढे कधी तरी मेलाच. शरीराला मिळालेली प्रत्येक चंगाई ही मुदतीची असते.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते क्रुसावरच्या दोन गुन्हेगारांचे बोलणे. एक जण म्हणतो, तू ख्रिस्त आहेस ना, मग स्वतःला वाचव आणि आम्हालाही वाचव. ही चमत्काराची मागणी आहे. दुसरा म्हणतो, आपण आपल्या कृत्यांचे योग्य फळ भोगत आहोत, याने काही अयोग्य केले नाही. आणि मग येशूला एवढेच म्हणतो की तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर. त्याला खिळ्यांवरून कोणी उतरवले नाही. संध्याकाळी शिपायांनी दोघांचेही पाय मोडले आणि दोघेही मेले. तरी "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" हे वचन ज्याला मिळाले तो हा दुसरा. त्याच्या शरीरासाठी काहीच झाले नाही आणि त्याला सगळे मिळाले.

आपल्या भागाला ही शिकवण नवीन नाही. वऱ्हाडात अकोला, अमरावती, खामगावकडे काम करणाऱ्या अलायन्स मिशनच्या शिकवणीची चार सूत्रे आहेत: ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, आरोग्यदाता आणि पुन्हा येणारा राजा. आरोग्य त्यात आहे, नाकारलेले नाही, पण ते तिसरे आहे. आणि मिशनांनी या भागात प्रार्थनेसोबत दवाखानेही उभे केले. परतवाड्याजवळ कोठाऱ्याचा कुष्ठरोग दवाखाना, वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल, यवतमाळ जिल्ह्यातले उमरीचे रुग्णालय ही नावे आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी होती. प्रार्थना करणारे आणि ड्रेसिंग करणारे हात पुष्कळदा एकाच माणसाचे होते.

आता पश्चात्ताप म्हणजे काय, हे खुलासेवार सांगतो, कारण रडणे म्हणजेच पश्चात्ताप असा समज सभांमधून फार पसरला आहे. रडू येते, येऊ द्यावे. पण येशूला ओळखत नाही म्हणणारा त्याचा शिष्य पेत्रही रडला आणि येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला. यहूदाने तर घेतलेली चांदीची तीस नाणी परतही फेकली, पण ज्याचा विश्वासघात केला त्याच्याकडे तो गेला नाही. पेत्र परत आला. पश्चात्तापाची दिशा माणसाकडून देवाकडे असते. नुसता स्वतःचा धिक्कार करून ती सापडत नाही.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोकांनी विचारले होते की आम्ही काय करावे. त्याने दिलेली उत्तरे अगदी व्यवहाराची आहेत. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा. जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायाने दमदाटी करून पैसे काढू नयेत, आपल्या पगारात तृप्त राहावे. म्हणजे ज्याचा जो धंदा, त्या धंद्यातले पाप. आमच्याकडे याचा अर्थ वावरात शोधावा लागतो: सरकवलेला धुरा म्हणजे शेताचा बांध, सालदाराच्या सालातून कापलेले पैसे, बहिणीची सही न घेता केलेला फेरफार, वेचाईच्या वजनातली काटामारी.

शेवटच्याचे उदाहरण घेऊन हिशेब करू. कापूस वेचणाऱ्या बायांना किलोमागे मजुरी मिळते. समजा काटा प्रत्येकीच्या ओझ्याला रोज २ किलो कमी दाखवतो, बाया १० आणि वेचणी १५ दिवस. २ गुणिले १० गुणिले १५ म्हणजे ३०० किलो. दर १० रुपये धरला तर ३,००० रुपये दाबले. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात नियम असा की मूळ रक्कम परत करावी, वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा आणि दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचे अर्पण, आणायचे त्याच दिवशी मालकाच्या हाती द्यावी. म्हणजे ३,००० अधिक ६००, एकूण ३,६००. प्रत्येकीला ३६० रुपये. जक्कय नावाच्या जकातदाराने तर येशूपुढे चौपट परत करण्याचे कबूल केले, ते या हिशेबाने १२,००० होतात, आणि अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचे बोलला ते वेगळेच. येशूने त्याच दिवशी त्या घराला तारण मिळाल्याचे सांगितले.

इथे एक गोष्ट घट्ट धरावी लागते. जक्कयाने पैसे दिले म्हणून येशू त्याच्या घरी गेला नाही. येशू आधी घरी गेला, मग जक्कयाचा हात सैल झाला. तारण कृपेने मिळते, त्याचा भाव ठरत नाही. क्रुसावरच्या गुन्हेगाराला परतफेडीला वेळच नव्हता. पण ज्याच्यापाशी वेळ आहे, वावर आहे आणि मजुरांची वही आहे, त्याने वही उघडलीच नाही तर तो वळला असे आम्ही धरत नाही.

बिघडते कुठे, तेही सांगितले पाहिजे. पहिला घोटाळा म्हणजे देवाजवळ कबुली आणि माणसाजवळ गप्प. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात स्पष्ट आहे की वेदीजवळ अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा. दुसरा घोटाळा, "माझं चुकलं, पण त्यानंही..." या वाक्याचा. "पण" आला की कबुली संपली आणि भांडण सुरू झाले. तिसरा सर्वांत धोक्याचा, भर सभेत माईकवर नको ती कबुली. अशा कबुलीत एखाद्या बाईचे नाव आले की कबुली देणारा मोकळा होतो आणि तिचा संसार मोडतो. म्हणून कबुलीचा परीघ नुकसानीएवढाच ठेवावा: एकाचे नुकसान तर एकापाशी, मंडळीचे नुकसान तर मंडळीपुढे. कॅथलिक बांधव धर्मगुरूपाशी खासगीत कबुली देतात, त्यात पस्तावा, कबुली आणि प्रायश्चित्त असे तीन भाग असतात आणि गुपित फोडण्याची धर्मगुरूला सक्त मनाई असते. आमची पद्धत वेगळी असली तरी ते गुपित पाळणे आम्ही शिकण्यासारखे आहे.

आता आजारी माणसाकडे येतो. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात रीत दिली आहे. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या ज्येष्ठांना, बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, आणि एकमेकांजवळ पापे कबूल करावीत. बोलावणे आजाऱ्याचे, जाणे वडिलांचे, प्रार्थना घरात. तंबू, तिकीट, तेलाच्या बाटल्यांची विक्री यातले तिथे काही नाही. आमच्या मंडळीत प्रार्थनेच्या वेळी दानाची थाळी फिरत नाही आणि गोळ्या कोणालाही बंद करायला सांगत नाही.

कारण नुकसान कसे होते ते आपल्या जिल्ह्यांत उघड दिसते. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे. त्याच्या वेदनेचा झटका आला की हाडे फुटल्यासारखी दुखतात, आणि तो साधारण काही दिवसांत ओसरतो. तिसऱ्या दिवशी प्रार्थना झाली आणि पाचव्या दिवशी दुखणे थांबले, की साक्ष दिली जाते आणि हायड्रॉक्सियुरिया हे रोजचे औषध बंद होते. रक्त मात्र तेच राहते; पुढचा झटका येतो तेव्हा मूल आणखी अशक्त झालेले असते. क्षयाचेही तसेच. औषधे साधारण सहा महिन्यांची, पण पहिल्या दोन महिन्यांतच खोकला जातो, वजन वाढते, आणि "देवाने बरे केले" म्हणून उरलेले डोस राहतात. मग जंतू औषधाला दाद देत नाहीत. फिटच्या गोळ्या एकदम तोडल्या तर न थांबणारी फिट येऊ शकते. कापसाच्या वावरात साप चावला तर थेट ग्रामीण रुग्णालय गाठायचे आणि प्रार्थना गाडीत करायची. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. कर्करोग, मधुमेह, फिट, क्षय बरे करण्याच्या चमत्कारी उपायांची जाहिरात १९५४ च्या कायद्यानेच बंद आहे. ख्रिस्ती माणसाला हे कायदे अडचणीचे वाटायचे कारण नाही. ज्या लूकने शुभवर्तमान लिहिले त्याला येशूचा प्रेषित पौल "प्रिय वैद्य" म्हणतो.

बरे न झालेल्याला "तुझा विश्वास कमी पडला" असे सांगणे ही मला सर्वांत क्रूर गोष्ट वाटते. आधीच अंथरुणाला खिळलेल्या माणसावर आणखी एक दोष लादला जातो. पौलाने शरीरात रुतलेल्या काट्यासारख्या त्रासासाठी देवाला तीनदा विनवणी केली, तो काटा गेला नाही. माझी कृपा तुला पुरे, एवढे उत्तर मिळाले. आपला सोबती त्रफिम याला तो मिलेत शहरात आजारीच सोडून आला. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. यांचा विश्वास कमी होता असे कोण म्हणेल? जन्मांधाविषयी शिष्यांनी विचारले की पाप याचे की आईबापांचे, तर येशूने दोन्ही नाकारले. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते असे तो म्हणाला, आणि लगेच ऐकणाऱ्यांकडे वळून पश्चात्ताप करा असे सांगितले. दुसऱ्याच्या आजारात पाप शोधण्याऐवजी त्याने प्रत्येकाला आपापली वही दाखवली.

परतफेडीबाबत एक अडचण आमच्याकडे हटकून येते. वेचणीला, सोंगणीला मेळघाटातून मजूर येतात आणि हंगाम संपला की जातात. ज्याचे पैसे दाबले तो सापडत नाही, कधी मेलेला असतो. बायबलमधल्या गणना पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात याची सोय आहे: आधी वारस पाहायचा, वारसही नसेल तर रक्कम परमेश्वराला, म्हणजे याजकाकडे. पाळकाने ही रक्कम स्वतःच्या हातात घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. आधी मुकादमाकडून गावाचे नाव काढावे, शक्य तर स्वतः जावे. वारस नाहीच मिळाला तर पैसे मंडळीच्या खजिनदाराकडे गरिबांच्या फंडात जमा करून पावती घ्यावी. पावतीवर कारण लिहू नये, रक्कम आणि तारीख पुरते. आणि तो मजूर पुढच्या हंगामात परत आलाच, तर ती पावती न दाखवता त्याला पुन्हा पूर्ण रक्कम द्यावी.