प्रकल्पांच्या यादीत रेघ मारण्याआधी

नव्या वर्षाचं बजेट बसवताना बहुतेक ठिकाणी प्रकल्पांना गुण देतात, उतरत्या क्रमाने लावतात आणि पैसे संपतील तिथे रेघ मारतात. ही रेघ कशी फसवते बघा. हातात 100 लाख आहेत. 'अ'चा खर्च 60, फायदा 90. 'ब'चा खर्च 50, फायदा 70. 'क'चा खर्च 50, फायदा 68. रुपयामागे सर्वात जास्त परतावा 'अ'चा, म्हणून तो आधी घेतला की 40 लाख उरतात आणि त्यात काहीच बसत नाही. 'ब' आणि 'क' मिळून 138 देतात.

एक्सेलचा सॉल्व्हर, म्हणजे दिलेल्या अटींत सर्वात जास्त फायद्याची निवड शोधणारं साधन, हे लगेच काढून देतो. प्रत्येक प्रकल्पाला एक सेल द्या, त्यावर 'बिन' अट लावा म्हणजे तिथे 0 किंवा 1 च येईल. खर्चाच्या आणि फायद्याच्या बेरजा समप्रॉडक्टने (आकडे त्या 0-1 शी गुणून बेरीज करणारं सूत्र), सॉल्व्हरमधली पद्धत सिम्प्लेक्स एलपी (अशा सरळ बेरजांच्या गणितांसाठीची). ऑप्शन्समधली इंटिजर ऑप्टिमॅलिटी (सर्वोत्तम उत्तरापासून किती फरक चालेल ते) 1 टक्क्यावर असते, ती 0 करा. नाहीतर तो जवळपासच्या उत्तरावरच थांबतो आणि वर 'सापडलं' म्हणून सांगतो. दोन पर्यायांतला एकच घ्यायचा असेल तर दोन्ही सेलची बेरीज 1 पेक्षा जास्त नको. कायद्याने करावंच लागणारं काम थेट 1. चालू प्रकल्पांचा फक्त उरलेला खर्च धरा. झालेला खर्च कुठलाही निर्णय घेतला तरी परत येत नाही.

घोळ होतो तो माणसांत. 'एकूण 40 मनुष्य-महिने' (एका माणसाचं महिन्याभराचं काम म्हणजे एक) अशी एकच अट घातली, तर कागदावर टेस्टिंगचं काम डिझायनर करून मोकळा होतो! म्हणून प्रत्येक कौशल्याची, प्रत्येक तिमाहीची वेगळी ओळ हवी. चार टेस्टर म्हणजे तिमाहीला 12 महिने खरे, पण रजा आणि रोजचा सपोर्ट वजा केला की 9 उरले तरी पुष्कळ. समजा पहिल्या तिमाहीत टेस्टिंगला 'अ' 3 महिने खातो, 'ब' 5, 'क' 6. मग 'ब' आणि 'क' एकत्र सुरू होत नाहीत. 'क'च्या दोन ओळी करा, एक आता सुरू होणारी, एक पुढच्या तिमाहीत, आणि दोन्हींची बेरीज 1 च्या आत ठेवा. 138 कायम राहतात.

0-1 च्या अटी असल्या की सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट (बजेटसारखी मर्यादा थोडी बदलली तर फायदा किती बदलेल ते सांगणारा) मिळत नाही, त्यामुळे बजेट थोडं बदलून पुन्हा चालवावं लागतं. इथे 110 लाख घातले तर 'अ' आणि 'ब' निवडले जातात, टेस्टिंगला 8 महिने पुरतात आणि फायदा 160 होतो. फायनान्सवाल्यांपुढे गुणांची यादी नेण्यापेक्षा 'आणखी 10 लाखांत 22 जास्त' हा आकडा न्या.