लिलावाच्या टेबलावर

सोमवार, 3 नोव्हेंबर 2025

काल मध्यरात्री डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक उचलला. आई आणि मी टीव्हीसमोर हमसून रडलो.

आज दिवसभर मात्र डोक्यात अमेरिकेची जुनी टेनिसपटू बिली जीन किंग होती. कारण कालच सकाळी, आपल्या घड्याळात दहा वाजायच्या आत, लॉस एंजेलिस डॉजर्सने टोरंटोत 11 इनिंगपर्यंत झुंजून 5-4 ने बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकली. या संघाच्या मालकांपैकी ती एक आहे, 2018 पासून.

टेनिसमध्ये तिच्या नावावर 39 ग्रँड स्लॅम विजेतेपदं, त्यातली 12 एकेरीची. पण मला तिचं लहानपण जास्त भिडतं. लाँग बीचच्या अग्निशामक जवानाची ही पोर वडिलांबरोबर बेसबॉल बघायला गेली आणि मैदानात सगळे पुरुषच आहेत हे तिच्या लक्षात आलं. धाकटा भाऊ रँडी मॉफिट पुढे डॉजर्सच्या हाडवैऱ्यांकडून, जायंट्सकडून खेळला. तिला तो रस्ताच नव्हता. आता त्याच खेळात ती मालकीण आहे!

1970 मध्ये तिने आणि आणखी आठ जणींनी एका डॉलरच्या करारावर सह्या करून महिलांची वेगळी टेनिस स्पर्धा उभी केली होती. म्हणूनच आइस हॉकीच्या खेळाडू मदत मागायला तिच्याकडे आल्या, तेव्हा तिने डॉजर्सचे मुख्य मालक मार्क वॉल्टर यांना गाठलं. जानेवारी 2024 मध्ये महिलांच्या नव्या आइस हॉकी लीगचा पहिला सामना झाला. त्याआधीच, 2023 मध्ये, खेळाडूंच्या संघटनेबरोबर करार झाला होता. आधी पगार ठरला, मग खेळ सुरू झाला.

हे वाचताना घशाशी आवंढा येतो. मी जिल्ह्याकडून कबड्डी खेळले. एसटीचं भाडं घरून न्यायचं, शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचं. भत्त्याच्या कागदावर सही घेतली गेली, पैसे आले नाहीत. विचारायचं कुणाला? टेबलापलीकडे बसलेल्यांपैकी कुणी कधी चढाई केलेलीच नव्हती.

सानिया मिर्झा 2023 मध्ये बेंगळुरूच्या महिला क्रिकेट संघाची मेंटॉर झाली, तेव्हा खूप बरं वाटलं होतं. पण सल्ला देणं वेगळं, तिजोरीची किल्ली हातात असणं वेगळं.

हरमन, स्मृती, जेमिमा निवृत्त होतील तेव्हा मला त्या नुसत्या कॉमेंट्री बॉक्समध्ये नको आहेत. लिलावाच्या टेबलावर, स्वतःच्या संघासाठी पाटी वर करताना दिसायला हव्यात.