तुम्ही विचारलंत म्हणून: जनुक सापडलंय, मग टेंडन का वाढवता येत नाही?

कोलेजनचं, म्हणजे टेंडन ज्या प्रथिनाचा बनतो त्याचं, जनुक कधीच सापडलंय, मग तुटलेला टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) पुन्हा का वाढवत नाही? नातेवाईक विचारतात, विद्यार्थी विचारतात, टाचेवर शस्त्रक्रिया झालेले खेळाडू तर ओळख होताच विचारतात. दरवेळी दोन वाक्यांत उत्तर देतो आणि समोरच्याला वाटतं, मी टाळतोय. म्हणून एकदा सविस्तर.

जनुकं दोन आहेत. टेंडनमधलं मुख्य कोलेजन टाइप १ प्रकारचं; त्याच्या तीन साखळ्यांपैकी दोन एका जनुकाच्या, तिसरी दुसऱ्याची. त्यांचा पीळदार रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब असतो. पेशीबाहेर पडताना त्याची टोकं छाटली जातात आणि मग असे रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनतो. परीक्षानळीतसुद्धा बनतो! त्यामुळेच बाकीचं काम किरकोळ आहे असा समज होतो.

तो समज माझ्यापुरता एका दुपारी संपला. उंदराच्या शेपटीच्या टेंडनमध्ये कोणतं जनुक कधी किती चालतं, हे आम्ही वयानुसार मोजत होतो. कोलेजनचा आलेख जन्माच्या आसपास उंच, पुढे उतरता. त्याच टेंडनचे आडवे छेद घेऊन मी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत बसलो. नवजात पिलाचा छेद आधी लावला. बारीक गोल ठिपके, सगळे जवळजवळ एकाच मापाचे, मधे भरपूर मोकळी जागा. मग मोठ्या उंदराचा. इथे जाडजूड तंतू, काही तर पहिल्या ठिपक्यांच्या कितीतरी पट, आणि त्यांच्या फटींत बारीक तंतू खच्चून भरलेले. मी दोन्ही छेद पुन्हा पुन्हा बदलून पाहिले. सोबतची सहकारी म्हणाली, "सर, आलेख उतरतोय आणि हे फुगतायत. कसं?"

दर उतरला तरी साठा वाढत राहतो, हे उत्तर मी लगेच दिलं. ते खरंच आहे. पण नवं कोलेजन नवे तंतू काढण्यात न जाता जुन्यांना जाड करण्यात का जातं? आलेखात याबद्दल अक्षरही नव्हतं.

मापावर लक्ष ठेवणारी प्रथिनं वेगळी आहेत. उंदराच्या टेंडनमध्ये ल्युमिकन लवकरच्या टप्प्यात जास्त असतं, नंतर फायब्रोमोड्युलिनचा जोर होतो, आणि दोघंही कोलेजनवरच्या एकाच जागेसाठी भांडतात. फायब्रोमोड्युलिनचं जनुक काढलेल्या उंदरांवरचा १९९९ चा अभ्यास मी प्रत्येकाला वाचायला सांगतो. त्यांच्या टेंडनमध्ये ल्युमिकन प्रथिन वाढलं, पण त्याचा एमआरएनए (जनुकाची आरएनएमधली प्रत, जिच्यावरून प्रथिन बनतं) वाढला नाही, उलट घटला. फक्त आरएनए मोजणाऱ्याने याचा बरोबर उलटा अर्थ लावला असता. तरी आम्ही मोजतोच, कारण कोणतं जनुक कधी चालतं याचं वेळापत्रक दुसरीकडून मिळत नाही.

मग मोठ्या माणसाचं काय? अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या आधारे २०१३ मध्ये दिसलं की टाचेच्या टेंडनचा गाभा साधारण सतराव्या वर्षानंतर जवळपास बदलत नाही. तुटलेल्या जागी पेशी कोलेजन बनवतात, भरपूर बनवतात. पण तंतू बारीक राहतात, टाइप ३ हा कोलेजनचा दुसरा प्रकार जास्त असतो, मांडणी विस्कटलेली. माल कमी पडत नाही, म्हणून जनुक "चालू करा" हा सल्ला ऐकला की मला राग येतो.

पूर्वी मी म्हणायचो, गर्भातलं वेळापत्रक हुबेहूब परत चालवलं की टेंडन उभा राहील. ते खोटं आहे असं मी आजही म्हणणार नाही. पण कोणतं वेळापत्रक? कोंबडीच्या गर्भात आधी आखूड तुकडे बनतात आणि एकमेकांना जोडले जाऊन लांब तंतू होतात. शेजारचे तंतूही असेच जुळून जाड होतात, असं बरेच जण मानतात. तसं असेल तर तंतूंची संख्या घटायला हवी. उंदराच्या शेपटीवरचं २०१५ चं काम सांगतं की संख्या जन्माच्या सुमारास ठरते, पुढे तंतू फक्त लांब आणि जाड होतात. मला हे दुसरं पटतं. माझी सहकारी अजूनही जुळण्याच्या बाजूने आहे आणि तिचे छेद पाहिले की तिला सहज गप्प करता येत नाही.