पत्र्यावरचा पाऊस आणि एक मोटर युनिट

गेले दोन महिने मी हाताच्या एका छोट्याशा स्नायूच्या मागे लागलोय. अंगठा बोटाला चिकटवला की हाताच्या मागच्या बाजूला त्या दोघांच्या मधे जो फुगवटा येतो ना, तोच. त्यावर दोन इलेक्ट्रोड, तिसरा मनगटाच्या हाडावर, आणि स्नायूतून येणारा विजेचा सिग्नल स्क्रीनवर बघत बसायचं. पहिले आठ दिवस नुसती 50 हर्ट्झची घरघर, म्हणजे घरातली लाइटच, स्नायूचा पत्ताच नाही. लॅपटॉपचा चार्जर काढला, कातडी स्पिरिटने घासून लाल केली, वायरी एकमेकींत पिळल्या, तेव्हा कुठे रेघ शांत झाली.

मग बोटाने काडेपेटी सरकवावी इतकाच जोर दिला आणि टक... टक... टक. सेकंदाला सात-आठ, सगळे ठोके एकाच आकाराचे. हेच ते मोटर युनिट! मज्जारज्जूतली एक पेशी आणि तिच्या ताब्यातले सगळे स्नायूतंतू, ती फायर झाली, म्हणजे तिने सिग्नल सोडला, की सगळे एकदम. डोळ्याच्या स्नायूत असे दहा-वीसच तंतू एका पेशीकडे असतात, पोटरीत हजाराच्या वर. आपल्याच मज्जारज्जूतली एक पेशी काय करतेय ते असं घरबसल्या दिसतं, मला अजून खरं वाटत नाही.

जोर थोडा वाढवला की पहिल्या पेशीचे ठोके भराभर पडायला लागतात आणि दुसरी येते, बहुतेक वेळा पहिलीपेक्षा मोठी. आधी लहान मग मोठी, हा क्रम हेन्नेमन या शास्त्रज्ञाने 1957 मधे मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवला होता.

आणि पूर्ण जोर लावला की संपलं, पत्र्यावर पाऊस पडतो तसं, सुरुवातीचे थेंब मोजता येतात नंतर नुसता आवाज. त्यात एका ठोक्याचा वरचा भाग दुसऱ्याच्या खालच्या भागावर आला की दोघं एकमेकांना खाऊन टाकतात, त्यामुळे सिग्नल दुप्पट झाला म्हणजे युनिटं दुप्पट झाली असं अजिबात नाही. हे लोकांनी सर्रास गृहीत धरलेलं बघितलं की मला खरंच त्रास होतो.

ही युनिटं एकमेकांपासून सुटी करायची तर 64 इलेक्ट्रोडची जाळी लागते, कारण प्रत्येक युनिट प्रत्येक इलेक्ट्रोडवर वेगळं दिसतं आणि अल्गोरिदम त्या फरकावरून वेगळं काढतो. लॅबमधल्या अशाच एका रेकॉर्डिंगमधून काल चार सुटली. पण तिसऱ्यात दोन ठोक्यांत फक्त 8 मिलिसेकंदांचं अंतर दिसतंय, तेही पाच-सहा ठिकाणी, इतक्या हलक्या जोराला एकच पेशी इतकी पटापट फायर होणं अवघड आहे, बहुतेक दोन युनिटं एकात मिसळलीयत. आज रात्री एकेक ठोका हाताने तपासणार.