डेबियन अपग्रेड, ५०-सर्व्हरची फाइल आणि सावद्याचा वजनकाटा

माझ्या मावसभावाचं सावद्याला केळी भरायचं ऑफिस आहे, तिथला सर्व्हर मी बघतो. काट्यावरचा पीसी आणि हिशोबाचे दोन पीसी सर्व्हरवरच्या एकाच मारियाडीबी डेटाबेसला जोडलेले. रविवारी रात्री तिथे बसून सर्व्हरची लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम, डेबियन, ११ वरून १२ केली. मधे स्क्रीनवर प्रश्न आला की ५०-सर्व्हर डॉट सीएनएफ ही मारियाडीबीच्या सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली आहे आणि पॅकेजनेही नवीन आणलीय, कोणती ठेवू? मला वाटलं नवीन व्हर्जनला नवीन फाइलच बरी, वाय दाबलं. सर्व्हरवरच बसून डेटाबेस उघडून बघितला, चालत होता, मग मी भुसावळला घरी आलो.

सकाळी सहाला फोन. "भो, काट्यावर पावतीच निघत नाहीये, गाड्या उभ्या आहेत." केळी कापून ठेवलेली, मे महिन्याचं ऊन, तासभर जरी लांबलं तरी माल खराब व्हायला लागतो, म्हणून खरंच घाबरलो. घरूनच लॉगिन केलं. पीसीवर एरर होता कनेक्शन रिफ्यूज्ड. एसएस कमांडने पोर्ट बघितले तर मारियाडीबीचा ३३०६ पोर्ट फक्त १२७.०.०.१ या सर्व्हरच्या स्वतःच्या आतल्या पत्त्यावर ऐकत होता, म्हणजे सर्व्हर स्वतःशीच बोलत होता आणि रात्रीची माझी टेस्ट त्यामुळेच पास झाली होती.

सर्व्हरने कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ती सेटिंग म्हणजे बाइंड-अ‍ॅड्रेस, तो आम्ही ऑफिसच्या लॅनचा (आतल्या नेटवर्कचा) टाकला होता, नव्या फाइलमुळे तो गेला. पण वाय दाबलं तरी जुनी फाइल डिलीट होत नाही, शेजारीच डीपीकेजी-ओल्ड शेपूट लावून ठेवलेली असते. दोन्हींचा डिफ (ओळीओळींचा फरक) काढला तर मेमरीचं बफर पूलसुद्धा आम्ही वाढवलेलं होतं हे दिसलं, ते मी साफ विसरलो होतो. दोन्ही सेटिंग परत टाकल्या, दहा मिनिटात काटा चालू झाला.

मग शांतपणे वाचलं हे कसं चालतं. पॅकेजसोबत आलेल्या फाइलचा एमडी५ (फाइल बदलली का ते ओळखायचा ठसा) डीपीकेजी, म्हणजे डेबियनचा पॅकेज टाकणारा प्रोग्रॅम, लिहून ठेवतो. तुम्ही हात लावला नसेल तर न विचारता नवीन टाकतो, तुम्ही बदललं पण पॅकेजने नाही तर तुमचीच राहते, दोघांनी बदललं तरच विचारतो आणि नुसतं एंटर दाबलं तर जुनीच राहते. पण दरवेळी जुनीच ठेवणं पण बरोबर नाही, नवीन फाइलमधल्या सुधारणा मग बाजूला डीपीकेजी-डिस्टमधे पडून राहतात. प्रश्न आला की आधी डी दाबायचं, तिथेच फरक दिसतो, हे मला आधी माहीत असतं तर सकाळचा ताण वाचला असता.

आता पॅकेजच्या फाइलला मी हातच लावत नाही. मारियाडीबी डॉट कॉन्फ डॉट डी फोल्डरमधे ९९-काटा डॉट सीएनएफ केली, तिच्यात आमच्या फक्त दोन ओळी. नंबरवारीने वाचतात, शेवटी वाचलेली जिंकते.

लांबून सर्व्हरवर लॉगिन करायच्या एसएसएचला पण तसंच करायला गेलो तर सेटिंग लागेचना. तिथे उलटं आहे, पहिल्यांदा वाचलेली किंमत धरतात! त्यामुळे तिथे फाइलचं नाव ०१ ने सुरू केलं, लागू असलेल्या सेटिंग दाखवणारी कमांड, म्हणजे एसएसएचडी कॅपिटल टी लावून चालवून बघितलं, आता आमचीच सेटिंग दाखवतोय.