लुईव्हिल: अलीच्या गावात बाबांसोबत

सिनसिनाटीहून लुईव्हिल गाडीने जेमतेम दीड-पावणेदोन तास, आणि बाबा भारतातून आल्यापासून घरात बसून वैतागलेले, म्हणून शनिवारी निघालोच. बाबा कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले, डिस्ने वगैरेत त्यांना काडीचा इंटरेस्ट नाही, पण बॉक्सर मोहम्मद अलीचं गाव म्हटल्यावर सकाळी सातलाच बूट घालून सोफ्यावर हजर.

आधी ग्रँड अव्हेन्यूवरचं त्याचं लहानपणीचं घर बाहेरूनच पाहिलं, गुलाबी, एवढुसं. १९५४ मध्ये या बारा वर्षांच्या पोराची सायकल चोरीला गेली, चोराला धुतो म्हणत तो पोलिसाकडे गेला आणि तो पोलिस नेमका बॉक्सिंग शिकवणारा निघाला, म्हणाला आधी मारायला तर शीक. बाबांचा प्रश्न एकच, "मग सायकल घावली का?" नाही घावली.

मग केव्ह हिल सिमेट्री. केएफसीवाले कर्नल सँडर्सपण इथेच आहेत, पण बाबा तिकडे फिरकले नाहीत. अलीच्या कबरीपाशी त्यांनी कुणी न सांगता बूट काढले. दगडावर कोरलंय की दुसऱ्यांची सेवा म्हणजे स्वर्गातल्या खोलीचं भाडं. मी मराठीत सांगितल्यावर बाबा म्हणाले, "आणि डिपॉझिट?"

मी हसलो खरा, पण या माणसाने डिपॉझिट भरलं होतंच की. १९६७ मध्ये आपला धर्म सांगून व्हिएतनामच्या युद्धावर जायला नकार दिला, वर्ल्ड टायटल गेलं, ऐन उमेदीत साडेतीन वर्षं रिंगबाहेर, त्या खटल्यातून सुप्रीम कोर्टात सुटका झाली ती १९७१ ला. रिटायर झाल्यावर पार्किन्सन्स आला तर म्हणायचा, ग्रेटेस्ट मी नाही, तो वर आहे तो, हे देवाने दाखवून दिलं. आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे धर्माच्या पत्रकांवर हा बसून सह्या करायचा, कारण नुसतं पत्रक लोक फेकून देतील, अलीची सही कोण फेकणार!

परतताना गाडीत बाबांना १९७७ चा इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा किस्सा सांगितला. एका मुलाने विचारलं, बॉक्सिंग सोडल्यावर काय करणार? तर अलीने झोप, शाळा, प्रवास, टीव्ही अशी सगळी वर्षं वजा करून दाखवली, उरतं किती थोडं, म्हणून मी देवाला भेटायची तयारी करणार म्हणाला.

बाबा बराच वेळ गप्प. मला वाटलं डोळा लागला. बघतो तर बोटांवर मोजत होते, "झोप पंचवीस धर... तालीम सात... आणि एसटीची वाट बघण्यात किती गेली रे?"